पिपरटोल्याचं उत्तर

सुकेशिनी रामटेकेच्या प्रबंधाचं एकच पान लिहायचं राहिलं होतं, आणि त्या एका पानावरून तिचं आईशी वाजलं.

पान स्थळभेटीचं होतं. नागपूरच्या ज्या संस्थेत ती सार्वजनिक धोरण या विषयात एम.ए. करत होती, तिच्या नियमावलीत हे कलम जुन्या काळापासून राहून गेलं होतं. विद्यार्थ्याने अभ्यासक्षेत्राला किमान एकदा भेट देऊन आपली निरीक्षणे एका पानात नोंदवावीत. २०३८ सालात असलं पान कुणी खरं लिहीत नसे. वसतिगृहाच्या खोलीत बसून पंधरा मिनिटांत ते भरायचं, उपग्रहाने काढलेला एक फोटो चिकटवायचा, की झालं. सुकेशिनीही तेच करणार होती. पण जानेवारीतल्या त्या रविवारी ती घरी आली होती, आणि जेवताना आईने सहज विचारलं, "काय निघालं मग तुझ्या अभ्यासात?"

"एक्याऐंशी टक्के बायका समाधानी आहेत," सुकेशिनीने ऐटीत सांगितलं.

"कोणत्या बायका?"

रमाबाई सव्वीस वर्षं एका आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. आसपासच्या गावांत त्यांना नावाने कुणी ओळखत नसे, सगळे 'सिस्टर'च म्हणत. तीन वर्षांपूर्वी वैनगंगेच्या काठच्या त्यांच्या जिल्ह्यात सरकारने एकोणीस उपकेंद्रांतले प्रसूतिकक्ष बंद केले. बाळंतपणं यापुढे जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यातच व्हायची, बाईला न्यायला एका फोनवर गाडी यायची. रमाबाईंचा कक्ष त्या एकोणिसांतलाच. त्यांना जिल्ह्याच्या कार्यालयात एका टेबलावर बसवलं. वर्षभर बसून त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. मुलीच्या प्रबंधाचा विषय नेमका हाच होता, 'प्रसूतिकक्षांचे एकत्रीकरण आणि लाभार्थींचा प्रतिसाद'. एकत्रीकरण म्हणजे कुलूप, हे त्या शीर्षकावरून कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"सगळ्याच बायका," सुकेशिनी म्हणाली. "जिल्ह्यातल्या सगळ्या बाळंतिणींना विचारलं मी. प्रतिजनांमधून."

"म्हणजे कोणालाच नाही विचारलं."

"आई, तुला त्यातलं काही कळत नाही."

"नसेल कळत. पिपरटोल्याला पार्बताबाई वलथरे राहते. तिच्या घरी जा, तिला तुझे एक्याऐंशी टक्के सांग, आणि मग ये मला शिकवायला."

सुकेशिनी अर्ध्या ताटावरून उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्कूटर काढली ती आईला खोटं पाडायला.

प्रतिजन म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. जिल्ह्यात बारा लाख माणसं होती, तर संगणकातही बारा लाख कृत्रिम माणसं घडवलेली होती. रेशनच्या नोंदी, विजेची बिलं, फोन कुठून कुठे फिरला त्याच्या खुणा, दवाखान्यांचे केसपेपर, जुनी सर्वेक्षणं आणि माणसांच्या बोलण्याचे कोट्यवधी नमुने, एवढं सगळं शिकून यंत्राने ती तयार केली होती. त्यांतलं कुणीही कुणा खऱ्या माणसाची नक्कल नव्हतं, तशी कायद्यानेच बंदी होती. पण गावागावातलं वय, जात, धंदा, दुखणी यांचं प्रमाण खऱ्यासारखंच. ही माणसं बोलतही. प्रश्न टाकला की सगळ्या जिल्ह्याची उत्तरं चहा निवायच्या आत हजर. हवं तर एखाद्या प्रतिजनाशी त्याच्या भागातल्या बोलीत गप्पा मारता येत. पहिली काही वर्षं यंत्राची उत्तरं खऱ्या सर्वेक्षणांशी ताडून पाहिली गेली आणि ती आश्चर्य वाटावं इतकी जुळली. दोनदा पुराच्या वेळी कुठली वस्ती घरं सोडायला तयार होणार नाही हे त्याने आधी सांगितलं, म्हणून माणसं वाचली. त्यानंतर मात्र सर्वेक्षणंच बंद पडली. सरकार योजना आखण्याआधी प्रतिजनांना विचारी आणि योजना राबवल्यावर ती कशी वाटली, हेही त्यांनाच विचारी. सुकेशिनीच्या वर्गातल्या बावीस जणांपैकी एकानेही कधी अनोळखी दार वाजवून प्रश्न विचारला नव्हता.

पिपरटोला ही ढिवरांची, म्हणजे मासेमारांची तीसेक घरांची वस्ती. जंगलाच्या नाक्यापाशी डांबरी रस्ता संपला, फोनची रेंजही गेली, पुढे तलावाची मातीची पाळ. पाळीवरून स्कूटर ढकलत सुकेशिनी पोचली तेव्हा पार्बताबाई अंगणात शिंगाडे सोलत बसली होती. पन्नाशीची, हाडापेराने मजबूत बाई. 'सिस्टरची पोट्टी' म्हटल्यावर तिने खाट झटकून दिली, पाण्याचा तांब्या पुढे केला. पण प्रश्न ऐकल्यावर तिचा चेहरा आक्रसला.

"गाडी आलती," ती म्हणाली. "नाई आली असं नाई म्हणत मी. पाळीवर चढून फोन केला तवा रेंज भेटली. गाडी कोठवर येते, तर नाक्यापावतर. ललिताले आम्ही खाटेवर घालून नेलं. चौघांनी खाट धरली. नाक्यापाशी गाडीची वाट पायली, वाट पायली... गाडी दिसली तवा ती गेल्ती. बाळ बी."

ललिता तिची सून, चोवीस वर्षांची. दुसरं बाळंतपण. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट.

"गाडीवाल्याने काही लिहून घेतलं असेल ना?"

"काहून लिवल? म्हणे, गाडीत चढवली असती तर नोंद केली असती. पंचायतीत ताप म्हणून लिवलं." पार्बताबाईने हात पुसले. "तुह्या मशीनीत काय लिवलं हाये पिपरटोल्याचं?"

सुकेशिनीच्या टॅबमध्ये जिल्ह्याचा सगळा संच उतरवून घेतलेला होता, त्याला रेंज लागत नव्हती. तिने नको म्हणायला हवं होतं. पण शिकलेल्या माणसाला आपलं अवजार दाखवायची एक खोड असते. तिने वस्तीचं नाव टाकलं, वय टाकलं, मासेमारीचं घर, दुसरं बाळंतपण. एकच प्रतिजन समोर आली. टॅबमधून एक कोवळा, प्रसन्न आवाज बोलू लागला, थेट पिपरटोल्याच्या हेलात.

"गाडी लवकर आली जी. दवाखान्यात सिस्टर लोकायनं लय चांगलं पायलं. मी बी सुखरूप, बाळ बी सुखरूप. काही तक्रार नाई."

पार्बताबाई टॅबकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तिले इचार, बाळाचं नाव काय ठेवलं."

"काकू, ते यंत्र आहे, ते नुसतं..."

"इचार ना."

सुकेशिनीने विचारलं.

"आरोही ठेवलं जी," आवाज म्हणाला.

पार्बताबाई उभी राहिली. मांडीवरचे शिंगाडे अंगणभर घरंगळले. "पोरगा होता तो," ती ओरडली. "माह्या या हातानं पुरलं मी त्याले! पोरगा होता! बंद कर ते, नाई तर तलावात फेकून देईन!"

सुकेशिनीने घाईघाईने टॅब बंद केला. शेजारच्या अंगणांतून माणसं बघायला आली.

घरी येऊन ती आईसमोर उभी राहिली. "तुला माहीत होतं. मग तोंडाने सांगायचं ना मला! त्या बाईच्या अंगणात कशाला पाठवलंस?"

"तोंडाने सांगितलं असतं तर तू मला टक्के सांगितले असते," रमाबाई म्हणाल्या.

ते खरं होतं, म्हणून सुकेशिनी अधिकच चिडली. पण त्या आठवड्यात ती नागपूरला परतली नाही. पुढचे सहा आठवडे मायलेकी स्कूटरवरून बंद कक्षांच्या हद्दीतल्या अकरा वस्त्या फिरल्या. दारावर रमाबाई उभ्या राहिल्या की बायका बोलत. सुकेशिनी वहीत लिहून घेई. तीन वर्षांतली चौऱ्याहत्तर बाळंतपणं त्यांना सापडली. दवाखान्यात झालेली एकोणतीस, बाकीची घरात, बांधावर, बैलगाडीत. तीन बाया आणि सहा बाळं गेली होती. प्रतिजनांच्या संचात याच अकरा वस्त्यांतली जवळपास सगळी बाळंतपणं दवाखान्यात झाली होती आणि मेलं कुणीच नव्हतं.

हे कसं झालं, ते तिला यंत्राच्या माहितीपुस्तिकेत शेवटच्या परिशिष्टात मिळालं. तिथे 'भरण' नावाचं एक कलम होतं. एखाद्या वस्तीची नोंद मिळाली नाही, तर यंत्र ती जागा मोकळी ठेवत नाही. आसपासच्या, त्याच जातीधंद्याच्या माणसांची सरासरी काढून ती भरतं. कागदावर वाचायला ही शहाणपणाची गोष्ट वाटते. पण या वस्त्यांची नोंद येत होती कुठून? नर्सच्या रजिस्टरमधून. कक्षाला कुलूप लागलं त्या दिवशी रजिस्टरही बंद झालं. यंत्राला पिपरटोला ज्या एका डोळ्याने दिसत होता, तो डोळाच सरकारने फोडला. मग यंत्राने ललिताच्या जागी डांबरी रस्त्यावरच्या गावातली बाई बसवली, जिच्या दारात गाडी खरोखरच लवकर येते. जितक्या जास्त बाया नोंदीबाहेर मरतील, तितकं जिल्ह्याचं समाधान वाढत जाईल, असा हा हिशेब होता. हे समजलं तेव्हा सुकेशिनीने पुस्तिका भिंतीवर भिरकावली. मग ती उचलून, सरळ करून, तिने त्या पानाची नक्कल काढली.

डॉ. उत्तरा खानझोडे तिच्या गाईड. तिशीत असताना मॅडम जंगलातल्या गावांतून पायी हिंडल्या होत्या, महिनोन्‌महिने माणसांच्या घरी राहिल्या होत्या. त्या भटकंतीवरचं त्यांचं पुस्तक वाचूनच सुकेशिनीने हा विषय घेतला होता. आता त्या प्रतिजन यंत्रणेच्या सल्लागार मंडळावर होत्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुकेशिनी वही आणि नवी दोन प्रकरणं घेऊन त्यांच्या खोलीत गेली. मॅडमनी सगळं वाचलं, घाई न करता, पान न् पान. सुकेशिनीला वाटलं, आता त्या हादरतील.

"काम नेटकं आहे," मॅडम म्हणाल्या. "पण यात नवीन काही नाही. लहान, नोंद नसलेल्या वस्त्यांमध्ये चूक येते हे मंडळाला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. सगळ्या जिल्ह्याच्या सरासरीत ती अर्धा टक्काही भरत नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मर्यादांच्या प्रकरणात एक परिच्छेद घाल. बाकीचा प्रबंध आहे तसा ठेव. एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा आहे, तुला जिल्हा नियोजनात जागा मिळणार आहे. तिथे जाऊन हे नीट करता येईल."

"नऊ जीव गेलेत मॅडम. एका परिच्छेदात बसवू त्यांना?"

"सुकेशिनी, आवाज." मॅडमनी समोरचा पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघ. तुला सांगणारच होते. एवढी निराश होऊ नकोस, तुझं काम आधीच उपयोगी पडलंय."

तो शासनाचा आदेश होता. दुसऱ्या टप्प्यात आणखी त्रेचाळीस प्रसूतिकक्ष एक मेपासून बंद. असा आदेश काढण्यापूर्वी तीन स्वतंत्र अभ्यासांचा आधार लागतो, असा नियम होता. खाली तीन तळटीपा होत्या. तिसऱ्या तळटीपेत 'रामटेके, सु., २०३७' असं छापलेलं होतं. तिने सहामाहीला दिलेलं आणि संस्थेच्या संग्रहात आपोआप चढलेलं प्रकरण. पहिली दोन नावं तिच्याच वर्गातल्या मुलींची होती. तिघींनी एकाच यंत्राला एकच प्रश्न विचारला होता.

सुकेशिनीने तळटीप पुन्हा वाचली.

"हे स्वतंत्र अभ्यास आहेत?" ती म्हणाली. "यंत्राने आम्हाला सांगितलं, आम्ही ते सरकारला सांगितलं, आणि सरकार म्हणतंय की यंत्राची पडताळणी झाली? तुम्ही आम्हाला दोन वर्षं शिकवत होता की शिक्क्याला शाई लावत होता?"

"तुला जुनी सर्वेक्षणं माहीत नाहीत," मॅडमचा आवाजही आता चढला. "मी पाहिली आहेत. सर्वेक्षक झाडाखाली बसून पन्नास फॉर्म एकट्याने भरायचे. सरपंच सांगेल ते लिहायचे. बायकांची उत्तरं नवरे द्यायचे. त्या खोटेपणावर योजना चालायच्या. यंत्र निदान आळशी नाही, लाचखाऊ नाही."

"तुम्ही बसला होता का झाडाखाली?"

मॅडमनी पडदा परत आपल्याकडे वळवला.

"नव्हता बसला. तुम्ही घरोघर गेला होता. कसं जायचं ते तुम्हाला येत होतं, आणि तुम्ही ते आम्हाला शिकवलं नाहीत." सुकेशिनीने वही उचलली. "पिपरटोल्याच्या प्रतिजनाने मेलेल्या बाळाचं नाव आरोही सांगितलं, मॅडम. त्याच्या आजीसमोर."

तिने नव्या प्रकरणांसह प्रबंध दाखल केला. संस्थेची तपासणी प्रणाली प्रत्येक प्रबंधातले आकडे प्रतिजनांशी ताडून बघत असे. तासाभरात निकाल आला. विसंगती अडतीस टक्के, माहिती बनावट असण्याची दाट शक्यता. चौथ्या दिवशी तिला समितीपुढे बोलावलं. तीन प्राध्यापक होते, मॅडमही एका टोकाला बसल्या होत्या.

"इतका फरक आजवर एकाही प्रबंधात आलेला नाही," अध्यक्ष म्हणाले.

"कारण आजवर कुणी बाहेर जाऊन विचारलं नाही, सर."

"तुमच्या म्हणण्याला पुरावा काय?"

"चौऱ्याहत्तर घरं आहेत. रस्ता मी दाखवते. दोन दिवसांत बघून होतील."

अध्यक्षांनी इतरांकडे पाहिलं. एक जण हसला. उपहास नव्हता त्यात. घरोघर जाऊन बघायचं, ही कल्पनाच त्याला गमतीची वाटली होती. सुकेशिनीला त्या हसण्याची चीड आली ती नंतर कित्येक दिवस गेली नाही. शेवटी समितीने तिला एक आठवडा दिला. मूळ प्रबंध सादर करायचा, नाही तर बनावट माहितीच्या आरोपाची चौकशी. मॅडम संपूर्ण वेळ समोरच्या कागदावर रेघा मारत होत्या.

आता घरी उलटाच प्रकार झाला. रमाबाई म्हणाल्या, "मूळचाच दे, सुकू."

"काय?"

"पदवी घे. खुर्चीवर जाऊन बस. मी सव्वीस वर्षं रजिस्टर लिहिलं, माझ्या रजिस्टरला कोणी विचारलं का? कुलूप लावायला आला तो साधा कारकून होता, पण त्याच्याजवळ कागद होता. तू कागदाच्या त्या बाजूला जा, बाई. तिथून काही तरी होते."

"त्या बाजूला गेलेल्या मॅडम मी पाहिल्या, आई. चांगल्या पाहिल्या. तूच मला पिपरटोल्याला पाठवलंस, आणि आता तूच म्हणतेस खोटं दे?"

"मी पाठवलं तेव्हा तुझी पदवी जाईल असं नव्हतं वाटलं मला!" रमाबाई ओरडल्या, आणि मग पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. त्या दिवशी स्वयंपाक झाला, पण दोघी जेवल्या वेगवेगळ्या.

सुकेशिनीने मग जे केलं त्यात शौर्य कमी आणि अभ्यास जास्त होता. तिने नियमावली काढली. दोन वर्षं तिला हेच तर शिकवलं होतं, की कुठला आदेश कुठल्या कलमावर उभा आहे ते बघावं. तीन स्वतंत्र अभ्यासांची अट तिने पुन्हा वाचली. मग संग्रहाचे नियम वाचले. तिसऱ्या पानावर तिला हवं ते मिळालं. लेखकाला आपलं प्रसिद्ध झालेलं लेखन केवळ स्वतःच्या सहीने मागे घेता येतं. गाईडची संमती लागत नाही. आणि मागे घेतलेला अभ्यास त्या तारखेपासून कुठल्याही शासकीय निर्णयाचा आधार राहत नाही.

तिने एक पान लिहिलं. 'माझ्या प्रकरणातील निष्कर्ष खोटे आहेत. मी एकाही बाळंतिणीला भेटले नव्हते. हे लेखन मी मागे घेत आहे.' त्याखाली नऊ नावं लिहिली. बाळांना नावं नव्हती, त्यांच्या आयांची लिहिली, म्हणून ललिताचं दोनदा आलं.

परीक्षा विभागाच्या आवक खिडकीवर झोडेबाबू होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"ताई, याचा अर्थ कळतो ना? प्रकरण मागे घेतलं की प्रबंध मोडला. प्रबंध मोडला की नोंदणी रद्द. दोन वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही."

"माहीत आहे."

"गाईड मॅडमशी बोलून या एकदा. एकदा शिक्का पडला की मला काढता येत नाही."

"पाडा, बाबूजी."

त्यांनी नऊ नावं परत एकदा वाचली. मग शिक्का मारला, आवक क्रमांक घातला, आणि न मागता तिला पोचपावतीच्या दोन प्रती दिल्या. शिक्का मारलेल्या कागदाची एक प्रत त्यांनी तिच्याच सांगण्यावरून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या टपालात टाकली.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आदेशाला नव्वद दिवसांची स्थगिती मिळाली. आधाराला दोनच अभ्यास उरले होते, नियमाप्रमाणे दुसरं काही करताच येत नव्हतं. त्रेचाळीस कक्ष तूर्त उघडे राहिले. पण त्यासोबत विभागाचं जे निवेदन निघालं त्यात लिहिलं होतं, 'एका विद्यार्थिनीच्या सदोष अभ्यासामुळे शासनाची दिशाभूल झाली.' यंत्राचा त्यात उल्लेखच नव्हता. संस्थेने आपल्या संकेतस्थळावर खेद व्यक्त केला. वर्गाच्या गटातून कुणीतरी तिचं नाव काढून टाकलं.

मॅडमचा फोन आला. "सुकेशिनी, तू केलंस ते बरोबर होतं, पण..."

"पण नका म्हणू, मॅडम. त्या दिवशी समितीपुढे एक वाक्य बोलला असता तर आज तुमचं 'पण' ऐकून घेतलं असतं मी."

सुकेशिनीने फोन ठेवला. तिला वाटलं होतं हे बोलून बरं वाटेल. वाटलं नाही. ती मागच्या दारी जाऊन धुण्याच्या दगडावर बसली आणि रडली, रागानेच रडली. रमाबाई बाहेर आल्या, तिच्याशेजारी टेकल्या.

स्थगितीच्या काळात प्रत्यक्ष घरोघर पाहणी करावी, असं नव्या आदेशात होतं. तेव्हा एक विचित्र अडचण उभी राहिली. सबंध जिल्ह्यात ती करायची कशी, हे येणारं माणूस आरोग्य विभागात उरलं नव्हतं. फॉर्म कसा करायचा, कुणाला आधी विचारायचं, नवरा मध्ये बोलू लागला तर काय करायचं, सारं विसरलेलं. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी अखेर रमाबाईंनाच फोन लावला. "सिस्टर, जुन्या नर्सबाई गोळा करता का?" एकोणीस बंद कक्षांतल्या चौदा जणी आल्या. त्यांच्यासोबत हंगामी गणक म्हणून सुकेशिनीचं नाव लागलं. अर्जात शिक्षणाच्या रकान्यात तिने 'बी.ए.' लिहिलं. लिहिताना पेनाने कागद फाटला.

मे महिन्याच्या उन्हात तिच्या वाट्याला पहिलं गाव आलं आंबेटोला. पहिल्याच अंगणात तिशीची एक बाई सावलीला बसून तेंदूपत्त्याचे पुडे बांधत होती. सुकेशिनीने नमस्कार केला, नाव सांगितलं, कशाला आले ते सांगितलं. बाईने मान वर करून तिला नखशिखान्त न्याहाळलं, आणि जी सुरू झाली ती थांबेना.

"आता आल्या? तीन वर्षं कोठी मेल्ते तुम्ही? माही जाऊ बांधावर तडफडून राहिल्ती तवा कोणी आलं का इचारायले? आता वही घेऊन आली! भोकात गेलं तुमचं सरकार, आग लागो तुमच्या गाडीले, अन् तुह्या शिक्षणाले बी आग लागो! काय लिवतं? पुन्हा खोटंच लिवसान ना?"

सुकेशिनी उन्हात उभी राहून लिहीत होती. बाईचा श्वास संपला तेव्हा तिच्या ते लक्षात आलं.

"हे बी लिवून राहिली का तू?"

"हो."

"शिव्या बी?"

"शिव्या बी. जशाच्या तशा."

बाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिने मांडीवरचा पुडा बाजूला ठेवला आणि पायाने एक पाट सावलीत सरकवला.

"बस मंग," ती म्हणाली. "मी अजून सुरूच नाई केलं."